सात वाट्यांचं ताट

एका नदीकाठच्या गावात एकदा एक म्हातारे वकील राहत होते. संस्थान छोटं, कचेरी त्याहून छोटी, पण तिथले न्यायाधीश कान देऊन ऐकणारे होते. वकिलांना सारे दादासाहेब म्हणत. त्यांची ख्याती मोठी चमत्कारिक होती, ती म्हणजे ते फार थोडं बोलत. लांबलांबून लोक त्यांचं भाषण ऐकायला कचेरीत येत आणि "झालं? एवढंच?" असं म्हणत परत जात. थोडं बोलणारा वकील म्हटल्यावर तुमच्यापैकी काहीजण हसताहेत, ते मला इथून दिसतंय. हसा, हसा. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही हसलो होतो.

या दादासाहेबांकडे अच्युत नावाचा एक तरुण शिकायला राहिला होता. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, पाठांतर असं की ऐकणाऱ्यानं थक्क व्हावं. खोड एकच. बोलायला लागला की थांबायचं कुठे, हे त्याला कळत नसे. दादासाहेबांच्या पत्नीला तो काकू म्हणे, आणि काकू त्याला म्हणत, "अच्युता, तुझं ऐकत बसले की माझं दूध उतू जातं रे बाबा."

तर एका वर्षी पौष महिन्यात त्या गावाच्या नदीत एक नाव बुडाली. नाव हरबा नावाड्याची. तिच्यात गुळाच्या ढेपा होत्या, आणि सोबत गुळाच्या व्यापाऱ्याचा मुनीम होता. माणसं वाचली, नावही दोन दिवसांनी दोर लावून बाहेर काढली. पण गूळ गेला. आता लोखंड बुडलं तर तळाशी सापडतं, धान्य बुडलं तर निदान कुजून वर येतं. गूळ बुडाला की विरघळतो. किती होता, कसा होता, सांगायला मागे काही उरत नाही.

व्यापारी कचेरीत गेला. त्याचं म्हणणं असं, की नावेत चाळीसच ढेपा होत्या, तेवढ्या ती नाव रोज नेते; ती बुडाली कारण हरबा प्यायलेला होता. अशा माणसाची नाव जप्त करावी आणि घाटावरचा उतार, म्हणजे माणसं नि माल पलीकडे नेण्याचा हक्क, त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यावा. हरबा म्हणे, ढेपा साठ होत्या. मी दोनदा नको म्हणालो. "उद्यापासून दुसरा नावाडी बघतो" असं शेठ म्हणाले, तेव्हा नाव सोडली.

हरबाच्या आजापासून त्या घाटावर त्यांचीच नाव. तो दुसरं काही शिकलेला नव्हता. नाव गेली तर पंचेचाळिसाव्या वर्षी त्यानं कुणाच्या दारात काम मागायला उभं राहायचं? तो दादासाहेबांच्या ओसरीवर येऊन बसला आणि एवढंच म्हणाला, "दादा, मला पाण्यावरनं उठवू नका म्हणावं."

दादासाहेबांनी खटला घेतला आणि अच्युतला म्हणाले, "आरंभाचं निवेदन तू कर."

त्या कचेरीत अशी पद्धत होती, की पहिला साक्षीदार येण्याआधी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी एकेकदा उभं राहायचं. आमचं म्हणणं काय आहे आणि ते आम्ही कोणाकडून, कशानं दाखवणार आहोत, हे न्यायाधीशांना सांगायचं. वाद घालायचा तो शेवटी. हे नुसतं सांगणं. त्याला पुराव्याची किंमत नव्हती, त्यामुळे बरेच वकील ते उरकून टाकत, आणि उरलेले त्यात आपली सगळी विद्वत्ता ओतत. अच्युत कुठल्या जातीचा होता ते मी सांगायला नको.

चार दिवस खपून त्यानं निवेदन लिहिलं. बारा पानं. सकाळी ओसरीवर दादासाहेबांना वाचून दाखवलं. आरंभी नदीचं वर्णन, मग नावाड्यांच्या इमानाचा इतिहास, आणि मग एकेक मुद्दा. नावेला वजनाची खूण म्हणून खिळा मारलेला असतो, पाणी त्याच्या वर गेलं की माल जास्त झाला; तो खिळा आम्ही दाखवू. ढेपा चढवणारा रावजी हमाल आम्ही उभा करू. गुळाची कापडं वाहत खाली गेली, ती भागाबाई परटिणीला सापडली, साठच्या साठ आम्ही आणू. हरबानं बुडणाऱ्या मुनिमाला ओढून काढलं, हे मुनिमाच्याच तोंडून वदवू. हरबा नको म्हणत होता हे घाटावरच्या देवळातल्या पुजाऱ्यांनी पाहिलं, ते येऊन सांगतील. हा व्यापारी सगळ्याच घाटांवर असाच जास्त माल लादतो हे सिद्ध करू. आणि हरबा आयुष्यात दारूला शिवलेला नाही, हेही सिद्ध करू.

दादासाहेब डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक मुद्द्याला एकेक बोट मिटत होते. वाचन संपलं. अच्युत शाबासकीची वाट पाहत राहिला. दादासाहेबांनी डोळे उघडले आणि आत हाक मारली, "अहो, आज अच्युतच्या ताटाला सात वाट्या मांडा."

"सात?" काकूंचा आवाज आला. "सात वाट्यांत घालू काय? माझं डोकं?"

"तुम्ही मांडा तर खरं."

निवेदनाबद्दल एक शब्द नाही. अच्युतला वाटलं, भाषण फारच आवडलेलं दिसतंय, म्हणून आज मेजवानी आहे. माणूस तरुण असला की त्याला असंच वाटतं.

दुपारी तो जेवायला बसला तो खुशीत. ताटाभोवती लखलखीत सात वाट्या गोल मांडलेल्या. काकूंनी पहिलीत आमटी वाढली, दुसरीत वांग्याची भाजी, तिसरीत काकडीची कोशिंबीर, चौथीत मठ्ठा. पोळी वाढली आणि त्या आत गेल्या. अच्युतनं तीन रिकाम्या वाट्यांकडे पाहिलं. एकीत खीर असणार, हे त्यानं मनाशी नक्की केलं. दुसरीत बहुधा तूप-साखर. तिसरीचा अंदाज येईना. त्यानं पोळी जपून खायला सुरुवात केली, पोटात जागा राहावी म्हणून. आतून पावलं वाजली की तो मान वर करी. काकू यायच्या, पोळी वाढायच्या, जायच्या. अखेरीस त्यांनी भात वाढला, त्यावर ताक वाढलं, आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

अच्युतला राहवेना. "काकू, खीर?"

"खीर? खीर कुणी सांगितली तुला?"

"नाही, म्हणजे... वाट्या मांडल्या होत्या ना."

"ह्यांनी मांडायला सांगितल्या, मी मांडल्या. खीर काही केली नाही हो मी."

समोर दादासाहेब शांतपणे ताकभात खात होते. त्यांनी विचारलं, "अच्युता, आमटी कशी होती?"

अच्युत विचार करू लागला. आमटी त्यानं खाल्ली होती खरी. पण आंबट होती, गोड होती, चिंचेची होती की आमसुलाची, त्याला काही केल्या आठवेना.

"आणि भाजी?"

"बरी... चांगली होती."

"बरी!" काकू उखडल्या. "खास तुझ्यासाठी खोबरं घालून भरली वांगी केली, आणि म्हणे बरी!"

अच्युतचा चेहरा उतरला. दादासाहेबांनी हात धुतला आणि ओसरीवर येऊन बसले. मग बोलले ते इतकंच.

"अच्युता, न्यायाधीश त्या दिवशी तुझ्या ताटावर बसलेला पाहुणा असतो. त्याला काहीच ठाऊक नसतं. नंतर साक्षीदार येतात ते आपापल्या सवडीनं येतात, मागचं पुढे आणि पुढचं मागे सांगतात. कोणता माणूस कशासाठी आला हे त्याला आधी सांगितलेलं असलं, तर त्याला ऐकणं सोपं जातं. म्हणून आरंभाचं निवेदन. पण तू जेवढं सांगशील तेवढ्याची तो वाट पाहणार. एकही वाटी रिकामी राहिली, की त्याचं लक्ष तिच्यावर. मग भरलेल्या वाटीची चव त्याला लागत नाही. तुझ्या सातांतल्या किती भरायची तुझी तयारी आहे? पुजाऱ्यांना तू भेटलास?"

"नाही. पण ते घाटावरच असतात, तेव्हा त्यांनी पाहिलं असणारच."

"परटिणीला भेटलास?"

"तिला भेटलो. तिच्याकडे त्रेपन्न कापडं आहेत."

"मग साठ का लिहिलीस?"

"ढेपा साठ होत्या ना."

"तिच्याकडे त्रेपन्न आहेत तर त्रेपन्न म्हण. नदीनं सात नेली, ती नदीकडे राहू देत."

त्याच दिवशी अच्युत देवळात गेला. पुजारी म्हणाले, "मी? अहो, मी त्या दिवशी लेकीच्या गावाला होतो. नाव बुडाली तेच मला तिसऱ्या दिवशी कळलं." अच्युतचे कान तापले. आणि बाकीच्या घाटांची बातमी? ती त्यानं कुठे ऐकली होती, तर न्हाव्याच्या दुकानात. त्यानं घरी येऊन बारा पानं फाडली आणि एका पानावर चार मुद्दे लिहिले. शेवटी एक ओळ घातली, की नको म्हणूनही हरबानं अखेर नाव सोडली, ही त्याची चूक आम्ही लपवत नाही. दादासाहेबांनी ते पान वाचलं आणि घडी घालून त्याच्या खिशात ठेवलं.

इथे गोष्ट संपली असती तर मलाही लवकर घरी जाता आलं असतं. पण मनुष्याला कळणं निराळं आणि ऐन वेळी ते हाताशी असणं निराळं.

खटल्याच्या दिवशी कचेरी तुडुंब भरली होती. व्यापाऱ्यानं मोठ्या शहरातून वकील आणला होता. गृहस्थ उभे राहिले आणि काय बोलले म्हणता! नऊ गोष्टी सिद्ध करीन म्हणाले; नावेतले दोन उतारू आणीन, फुटकी वल्ही दाखवीन, असं बरंच काही. "मी गुत्तेवाल्याला इथे उभा करीन. तो सांगेल, की ज्या सकाळी हा गूळ बुडाला, त्या सकाळी हा मनुष्य त्याच्या गुत्त्यातून झोकांड्या खात बाहेर पडला!" त्यांनी हरबाकडे असं बोट दाखवलं की मागे बसलेली मंडळीही मान लांब करून बघू लागली. हरबानं मान खाली घातली.

मग अच्युत उठला. खिशातलं पान काढलं. चारी मुद्दे त्यानं नीट, सरळ सांगितले. न्यायाधीश टिपून घेत होते. चूक मान्य करणारी ओळही सांगून झाली. आता फक्त खाली बसायचं होतं. पण समोरच्याचं ते बोट त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि काय होतंय ते कळण्याआधीच त्याच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "आणि दारूचं म्हणाल, तर आमचा हरबा आयुष्यात कधी दारूला शिवलेला नाही. हेही आम्ही सिद्ध करू!"

कचेरीत कुजबुज झाली. न्यायाधीशांनी तेही टिपून घेतलं. अच्युत बसला तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. दादासाहेब खिडकीतून बाहेर पाहत होते.

दुपारच्या सुट्टीत कडुनिंबाखाली हरबा त्याच्याजवळ आला. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलेलं.

"वकीलसाहेब, एक बोलू?"

"बोल की."

"शिमग्याला घेतो मी. दोन दिस. उभ्या गावाला ठावं हाय. गेल्या साली तर मला घरी न्यायला चार माणसं लागली."

"अरे, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलंच न्हाई."

खरंच त्यानं विचारलं नव्हतं. हरबाबद्दल पानंच्या पानं लिहिली, आणि हरबाला एक प्रश्न विचारायचं राहून गेलं. तो धावत दादासाहेबांकडे गेला आणि सारं सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "वाटी तू मांडलीस. आता तूच बघ." आणि पानाला चुना लावू लागले.

अच्युत सारी संध्याकाळ घाटावर बसून राहिला. काय काय मनात आलं म्हणून सांगू! हरबाच्या बायकोला उभं करावं, ती शपथेवर सांगेल की हा कधी पीत नाही. किंवा गप्पच बसावं, एवढ्या खटल्यात एक वाक्य कोणाच्या लक्षात राहतं? पण न्यायाधीशांची लेखणी हलताना त्यानं पाहिली होती. आणि गुत्तेवाला उद्या येणार होता. तो शिमग्याचं बोलला, की न्यायाधीश म्हणतील, हे पोरगं एक खोटं बोललं, मग खिळाही खोटा असेल, कापडंही खोटी असतील. आपण फुशारकीनं बोललेल्या एका वाक्यापायी या माणसाची नाव जाणार! त्याला आपलीच इतकी शरम वाटली की डोळे भरून आले.

हरबा जवळच नावेला डांबर लावत होता. अच्युत उठून त्याच्याकडे गेला.

"हरबा, मी उद्या ते वाक्य परत घेणार आहे. म्हणजे तू शिमग्याला घेतोस हे सगळ्यांसमोर सांगावं लागेल. तुझी हरकत असेल तर सांग, दुसरा काही मार्ग बघू."

हरबानं डांबराचा कुंचला खाली ठेवला. "सांगा की. गावाला ठाऊक हाय ते साहेबाला ठाऊक झालं, तर काय बिघडलं?" मग म्हणाला, "पौषात मी घेत न्हाई, तेवढं मात्र सांगा. थंडीत हात कापला तर नाव कशी धरायची?"

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश स्थानापन्न होताच अच्युत उभा राहिला. "सरकार, काल आरंभी मी पाच गोष्टी सिद्ध करीन म्हणालो. पाचवी मी माझ्या अशिलाला न विचारता बोललो, आणि ती खरी नाही. हरबा शिमग्यात दोन दिवस दारू घेतो. पौषात घेत नाही असं तो सांगतो. माझं कालचं वाक्य मी परत घेतो. चूक माझी आहे, त्याची नाही. बाकीच्या चार गोष्टी मी दाखवीन."

शहरचे वकील ताडकन उठले. "ऐकलंत, सरकार! यांनी स्वतःच कबूल केलं!"

"ऐकलं," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही बसा." त्यांनी कालचा कागद काढला आणि त्यावरची एक ओळ खोडली. अच्युतकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "साक्षीदार बोलवा."

गुत्तेवाला आला. शहरच्या वकिलांनी त्याला मोठ्या थाटात विचारलं, हरबा तुझ्याकडे येतो का? तो म्हणाला, "येतो की. शिमग्याला." आणि त्या सकाळी? "त्या सकाळी न्हाई बा. पौषात हरबा माझ्याकडं फिरकत न्हाई. शिमग्यात मात्र मला पुरं पडत न्हाई." कचेरीत हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. यातलं अर्धं त्यांना सकाळीच कळलं होतं.

मग मुनीम आला. तो व्यापाऱ्याचा माणूस, चाचरत बोलत होता. अच्युतनं विचारलं, "तुम्हाला पाण्यातून कोणी काढलं?"

"हरबानं."

"कसं?"

"खांद्यावर घेऊन पोहत आला."

"त्याच्या तोंडाला वास येत होता?"

मुनिमानं मालकाकडे पाहिलं. मग हरबाकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला, "माझं तोंड त्याच्या मानेशीच होतं. वास नव्हता."

तिसऱ्या दिवशी न्यायाधीश स्वतः घाटावर गेले. हरबाच्या नावेत चाळीस ढेपा चढवायला लावल्या. पाणी बरोबर खिळ्याला येऊन टेकलं. न्यायाधीश व्यापाऱ्याला म्हणाले, "आता आणखी वीस चढवतो. तुम्ही आत बसता का?" व्यापारी उपरण्यानं कपाळ पुसू लागला. रावजी हमालानं सांगितलं, की त्या दिवशी साठ ढेपा त्यानं स्वतःच्या पाठीवरून आत टाकल्या, आणि हरबाला दोनदा नको म्हणताना ऐकलं. भागाबाई परटीण डोक्यावर गाठोडं घेऊन आली. तिनं घाटावर दोरी बांधून व्यापाऱ्याच्या निळ्या शिक्क्याचं एकेक कापड वाळत घातलं. मोजली तर त्रेपन्न.

"एका ढेपेला कापडं किती?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एकच," मुनीम म्हणाला. आता तो चाचरत नव्हता.

शेवटी शहरचे वकील दीड प्रहर बोलले. पण त्यांनी आरंभी ज्या दोन उतारूंचं नाव घेतलं होतं ते कुठे गेले, जी फुटकी वल्ही दाखवणार होते ती कुठे आहेत, याबद्दल अवाक्षर नाही. जणू ते कधी बोललेच नव्हते.

न्यायाधीशांनी निकाल वाचला. त्यातलं एवढं गावाच्या तोंडी राहिलं: "पहिल्या दिवशी व्यापाऱ्याच्या बाजूनं मला नऊ गोष्टी सांगण्यात आल्या. त्यांतल्या पाच आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत हेही कोणी सांगितलं नाही. मी अजून वाट पाहतो आहे. नावाड्याच्या बाजूनं पाच सांगण्यात आल्या. त्यांतली एक येणार नाही, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. म्हणून मी तिची वाट पाहिली नाही, आणि उरलेल्या चार मला नीट ऐकू आल्या." नाव हरबाची, उतार हरबाचा. नको म्हणूनही नाव सोडली याबद्दल त्याला कडक समज मिळाली. आणि इथून पुढे पाणी खिळ्याला लागलं की घाटावर कोणाचाही शब्द चालणार नाही, असा हुकूम झाला.

"मी अजून वाट पाहतो आहे" हे शब्द ऐकले, आणि अच्युतला ती न आलेली खीर आठवली.

बाहेर आल्यावर त्यानं दादासाहेबांना विचारलं, "मी वाक्य परत घेतलं म्हणून आपण जिंकलो का?"

"छे. भागाबाईच्या कापडांनी जिंकलो," दादासाहेब म्हणाले. "पण तू ती वाटी उचलली नसतीस, तर कापडांकडे कोणी पाहिलं नसतं."

हरबा त्या दोघांना सोडायलाच तयार नव्हता. पलीकडच्या काठावर त्याचं घर. "जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हणाला, आणि नावेत बसवून घेऊन गेला. त्याची बायको सोनाई दारातच उभी होती. डोळे पुसले, हसली, पाट मांडले आणि ताटं ठेवण्याआधीच स्पष्ट सांगून टाकलं, "भाकरी हाय, अंबाडीची भाजी हाय, कांदा हाय. गोड काही न्हाई. गुळाचं तर ह्या घरात आता नावच काढायचं न्हाई!"

दादासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ऐकलंस, अच्युता? याहून चांगलं निवेदन मी तीस वर्षांत ऐकलं नाही."

ताटात एकच वाटी होती, आणि ती भरलेली होती. अच्युत तीन भाकऱ्या जेवला. आतून पावलं वाजली तरी त्यानं मान वर केली नाही.

परत येताना नाव मध्यावर आली, तेव्हा दादासाहेबांनी सहज विचारलं, "भाजी कशी होती रे?"

"आंबट होती," अच्युत म्हणाला, "थोडी आंबट जास्तच. लसूण जरा करपला होता. वरून कच्चं तेल घेतलं होतं, आणि दाण्याचं कूट अगदी बेताचं. फार छान होती."

हरबा वल्हं मारता मारता हसला. दादासाहेबांनी मान डोलावली, आणि नाव काठाला लागली.